गाणी ठेवतो, राजकारण बंद करतो. चालेल का?

वाचकाचं पत्र, ओळख काढून आणि थोडक्यात:

छोट्या गावात मेव्हण्यासोबत पार्टनरशिपमध्ये पब चालवतो. गुरुवारी गिऱ्हाईक नसायचं म्हणून दीड वर्षापूर्वी 'खुली चर्चा' सुरू केली, विषय राजकारण, कोणीही यावं आणि बोलावं. सोबत कोपऱ्यात लाइव्ह म्युझिक, गावातलीच चार पोरं वाजवतात. सुरुवातीला मजा आली, बसायला जागा पुरेना. आता निवडणूक जवळ आली तसे आवाज चढायला लागलेत. मागच्या महिन्यात दोघं एकमेकांच्या अंगावर धावून गेले, एक ग्लास फुटला, कोणीतरी व्हिडिओ काढला आणि सकाळपर्यंत तो गावभर फिरला. पोरांनी जोरात गाणं सुरू करून भांडण झाकायचा प्रयत्न केला तर एक जण त्यांच्यावरच खेकसला, आता तेही नाराज. एका बाजूचे म्हणतात हा पब त्यांचा अड्डा आहे आणि दुसऱ्या बाजूचेही नेमकं तेच म्हणतात. मेव्हणा म्हणतो राजकारण बंद, फक्त गाणी. मला वाटतं पब सगळ्यांचा असावा, न्यूट्रल असावा. पण आता बंद केलं तर घाबरलो असं दिसेल. काय करू?

तुमचं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी मेव्हण्याच्या बाजूने होते, दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा तुमच्या, आणि तिसऱ्यांदा वाचताना एका शब्दावर अडकले. 'सोबत'. म्हणजे चर्चा आणि गाणी एकाच वेळी, एकाच खोलीत चालतात? मग मतंबितं जरा बाजूला ठेवू, आधी आवाजाचं बघू.

एत्येन लोंबार नावाच्या एका फ्रेंच कानाच्या डॉक्टरने १९११ मध्ये एक गोष्ट मांडली होती, ती आजही त्याच्याच नावाने ओळखली जाते. आजूबाजूला गोंगाट असला की माणूस आपोआप मोठ्याने बोलायला लागतो, त्याला स्वतःला ते कळतसुद्धा नाही. आता तुमचा गुरुवार डोळ्यासमोर आणा. कोपऱ्यात गिटार आणि ड्रम, म्हणून पहिलं टेबल मोठ्याने बोलणार, त्यांच्यामुळे दुसरं आणखी मोठ्याने, मग पोरं व्हॉल्यूम वाढवणार कारण त्यांना स्वतःचं ऐकू येत नाहीये, आणि या सगळ्यात कोणीतरी समोरच्याला 'तुमचा मुद्दा चुकीचा आहे' हे साधं वाक्य ओरडून सांगणार. ओरडून सांगितलेलं साधं वाक्य साधं राहतं का? समोरच्याला तो अंगावर आल्यासारखाच वाटणार ना. त्यात पोटात दोन-तीन पेग. मला तर नवल याचं वाटतंय की दीड वर्षात एकच ग्लास फुटला.

म्हणून राजकारण बंद करायच्या आधी वेळापत्रक बदला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असं नको. चर्चा आधी, गाणी नंतर, मध्ये अर्धा तास मोकळा. चर्चा चालू असताना स्पीकरवर मागे हळू वाजणारं काहीसुद्धा नको, टीव्ही असेल तर तोही बंद. जमत असेल तर दोन वेगळे वारच करा, पण पहिल्या झटक्यात तसं करू नका, कारण गाण्यासाठी आलेला माणूस अर्धा तास लवकर येऊन चर्चा ऐकतो आणि चर्चेसाठी आलेला गाण्याला थांबतो ही तुमच्या जागेची खरी गंमत आहे, ती घालवू नका.

आता तुमचं ते 'न्यूट्रल'. मेव्हण्याला वाटतं गाणी ठेवली म्हणजे पब न्यूट्रल झाला. मला हे पटत नाही. चिलीची राजधानी सांतियागोमध्ये १९६५ साली इसाबेल आणि आंखेल पार्रा या बहीणभावांनी एका जुन्या घरात एक छोटी जागा सुरू केली, 'पेन्या दे लोस पार्रा'. लोक दाटीवाटीने बसायचे, वाइन प्यायचे, गाणी ऐकायचे. व्हिक्टर हारा तिथे गायचा. त्या खोलीत भाषणं होत नव्हती, गाणीच होत होती, पण त्या देशातलं सगळं राजकारण त्या गाण्यांत होतं. सप्टेंबर १९७३ मध्ये लष्कराने सत्ता बळकावली, हाराला पकडून मारून टाकलं आणि ती जागाही बंद पडली. गाण्याला कोणी निरुपद्रवी समजलं नव्हतं. तुमच्या गावात एवढं टोकाचं काही होणार नाही, तो मुद्दाच नाहीये, पण उद्या तुमच्या पोरांपैकी एकाने शेतावरचं, नोकरीवरचं, नाहीतर युद्धावरचं गाणं म्हटलं आणि एक टेबल उठून गेलं तर मेव्हणा काय करणार, गाण्यांची यादी तपासून सही करणार? आणि मग ती पोरं किती दिवस टिकणार तुमच्याकडे?

उलट बाजूनेही थोडं सांगते, कारण 'पबमधली चर्चा' म्हटलं की लोक फार भारावून बोलतात, लोकशाही वगैरे. म्युनिकमध्ये हिटलरचा पक्ष बिअर हॉलमध्येच वाढला. ८ नोव्हेंबर १९२३ ला त्याने जो उठाव केला तो ब्युर्गरब्रॉयकेलर नावाच्या बिअर हॉलमधून. म्हणजे दारू, गर्दी आणि राजकारण एकत्र आलं की आपोआप काही चांगलं घडतं असं नाही. पण तिथे काय चालायचं ते बघा. एक जण वर उभा राहून बोलणार, हजारभर लोक खाली टाळ्या वाजवणार, आणि विरोधात कोणी बोललं तर त्याला बाहेर काढायला माणसं तयार. ती सभा होती. तुम्ही चालवताय ती चर्चा, आणि तुमचं काम एवढंच की चर्चेची सभा होऊ द्यायची नाही. कोणत्याही पक्षाला गुरुवार भाड्याने द्यायचा नाही, पत्रकं टेबलावर ठेवू द्यायची नाहीत, गळ्यात पट्टे घालून आलेल्यांना हसत हसत पट्टे खिशात ठेवायला सांगायचे, दोन्हीकडच्यांना, आणि उमेदवार आला तर त्याने खुर्चीत बसून बाकीच्यांएवढीच दोन मिनिटं बोलायचं. माझ्या लेखी न्यूट्रल म्हणजे एवढंच. जागेचे नियम सगळ्यांना सारखे. तुम्हाला स्वतःचं मत नसावं असा त्याचा अर्थ नाही, आणि खरं सांगू, छोट्या गावात तुमचं मत सगळ्यांना माहीतच असतं, लपवून काय होणार.

मत असलेला माणूस यजमान होऊ शकतो, पण पंच होऊ शकत नाही. तुमच्या पत्रात मला हीच अडचण सगळ्यात मोठी वाटली. तुम्ही गल्ल्यावर बसता, तुम्हीच विषय काढता, तुम्हीच मध्ये बोलता आणि भांडण झालं की तुम्हीच सोडवता. दोन्ही बाजूंना तुम्ही 'त्यांचे' वाटता यात आश्चर्य काय. चर्चा चालवायला दुसरं माणूस बघा, ज्याचा पबच्या धंद्यात एक पैशाचा संबंध नाही आणि ज्याला दोन्हीकडचे लोक 'आता बस' म्हटल्यावर ऐकतात. असं माणूस प्रत्येक गावात एखादं तरी असतं, बहुतेक वेळा निवृत्त शिक्षक नाहीतर बाईच. एकच नको, दोघं-तिघं आलटून पालटून ठेवा. आणि त्यांना त्या वेळात ड्रिंक देऊ नका, नंतर द्या.

चर्चेच्या पद्धतीबद्दल दोन जुने नमुने आहेत, त्यातून उचलण्यासारखं बरंच आहे. पॅरिसमध्ये १९९२ साली मार्क सोते नावाच्या तत्त्वज्ञानाच्या माणसाने कॅफे दे फार या कॅफेत 'कॅफे फिलो' सुरू केलं, विषय घ्यायचा आणि कोणीही बोलायचं, तुमच्यासारखंच. पण ते भरायचं रविवारी सकाळी. लोकांची झोप झालेली असते आणि पोटात कॉफी असते, फरक तिथेच पडतो. दुसरा नमुना इंग्लंडमधल्या लीड्सचा, १९९८ मध्ये डंकन डॅलस यांनी सुरू केलेला 'कॅफे सायंटिफिक', तिथे विज्ञानावर गप्पा व्हायच्या. एक जण थोडा वेळ बोलणार, मग ब्रेक, लोक ग्लास भरून घेणार, आणि त्यानंतर प्रश्न. हा मधला ब्रेक मला भयंकर आवडतो. त्या वेळात माणूस आधी शेजारच्याशी बोलतो, त्याचा राग किंवा शंका त्याच्याकडे ओतून मोकळा होतो आणि मग सगळ्यांसमोर बोलतो तेव्हा वाक्य जरा बरं आलेलं असतं. शिवाय त्या ब्रेकमध्ये तुमचा बार चालतो. म्हणजे ज्यासाठी गुरुवार सुरू केला तेही होतंय. त्याची लाज नको, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं. गिऱ्हाईक यावं म्हणूनच सुरू केलं होतं तर तसं म्हणा, त्याने चर्चा खोटी होत नाही.

तुमच्यासाठी मी असं सुचवेन. चर्चा संध्याकाळी लवकर, बार नुकता उघडलाय अशा वेळी, एकूण दीड तास, त्याच्या वर अजिबात नाही. विषय आठवडाभर आधी फळ्यावर लिहायचा आणि तो माणसाचा किंवा पक्षाचा नको, प्रश्नाचा हवा. 'अमुक नेता चांगला की वाईट' यावर कोणीही काहीही नवीन बोलत नाही, सगळ्यांचं ठरलेलं असतं. 'शाळेची एक तुकडी बंद होतेय, काय करायचं' यावर मात्र ठरलेली बाजू नसते, एकाच पक्षाचे दोघं त्यावर भांडतात आणि विरोधी पक्षाचे दोघं एकमेकांशी सहमत होऊन चकित होतात. पाणी, बस, दवाखान्याच्या वेळा, कचरा, हे सगळं राजकारणच आहे. निवडणुकीच्या शेवटच्या दोन आठवड्यांत तर फक्त असेच विषय ठेवा, आणि त्या काळात तुमच्याकडे प्रचाराचे, दारूविक्रीचे काय नियम लागू होतात ते लेखी विचारून घ्या, तोंडी नको.

प्रत्येकाला दोन मिनिटं, आणि ज्यांना बोलायचंय त्या सगळ्यांचं एकेकदा झाल्याशिवाय कोणालाच दुसऱ्यांदा नाही. एवढ्या एका नियमाने अर्धी भांडणं मिटतील, कारण भांडण उलट उत्तरातून वाढतं आणि उत्तर द्यायला जर सात माणसं थांबावं लागलं तर तोवर निम्मा जोर ओसरलेला असतो. एखाद्याची जात, धर्म, रंग किंवा बाई असणं काढलं तर मात्र तिथल्या तिथे थांबवायचं, त्याला बाजूला नेऊन हळू आवाजात सांगायचं, आणि त्या दिवशीपुरतं त्याचं बिल करून टाकायचं. सगळ्यांसमोर झापू नका. छोट्या गावात चारचौघांत झालेला अपमान लोक वीस वर्षं लक्षात ठेवतात.

व्हिडिओचं काय करायचं यावर बराच विचार केला. मोबाइल काढून घेणं वगैरे काही जमणार नाही आणि शोभणारही नाही. लंडनच्या चॅटम हाउस या संस्थेचा १९२७ पासूनचा एक नियम आहे, इथे ऐकलेलं बाहेर वापरा, पण कोण बोललं आणि कोण हजर होतं ते सांगू नका. हा नियम मराठीत दोन ओळींत लिहून दारावर लावा आणि चर्चा चालवणाऱ्याने दरवेळी सुरुवातीला मोठ्याने वाचायचा. चर्चेच्या वेळात रेकॉर्डिंग नाही, गाण्यांच्या वेळात खुशाल करा. शंभर टक्के पाळलं जाणार नाही. पण आता जे व्हिडिओ काढतात त्यांना आपण काही चुकीचं करतोय असं वाटतच नाही, निदान ते तरी वाटेल.

एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही ती विचारते. गुरुवारी बायका किती असतात? पहिल्या महिन्यात किती होत्या आणि आता किती? ज्यांनी भांडण केलं ते दोघं पुढच्या गुरुवारीही येतील, त्यांची काळजी नको. पण काहीच न बोलता यायचं थांबलेली माणसं व्हिडिओत दिसत नाहीत. मी स्वतः अशा एका चर्चेला तीनदा गेले होते, तिसऱ्यांदा माझं वाक्य चौथ्या शब्दावर कोणीतरी तोडलं, आणि मी पर्स उचलून निघाले तर कोणाच्या लक्षातही आलं नाही. चालवणारा माणूस चांगला होता, त्याला वाटायचं जो मोठ्याने बोलतो त्याला बोलायचंय आणि जो गप्प बसतो त्याला ऐकायचंय. तसं नसतं हो. गेल्या दोन महिन्यांत न आलेल्या पाच जणांना सहज भेट झाली की विचारा. आणि न पिणाऱ्यांसाठी काहीतरी बरं ठेवा, कोल्ड्रिंकची एक गरम बाटली नको.

तुमच्या बारवरची मुलं हाही तसाच विषय. गिऱ्हाईक उठून जाऊ शकतं, ते नाही जाऊ शकत. त्यांना विचारलंय का कोणी, की गुरुवारी त्यांना काय काय ऐकून घ्यावं लागतं? कोणाला पुढची ड्रिंक द्यायची नाही हे ठरवायचा हक्क त्यांना द्या आणि त्यांनी नाही म्हटलं तर तुम्ही किंवा मेव्हण्याने ते बदलायचं नाही, गिऱ्हाईक कितीही जुनं असो.

कानांचंही. साधारण हिशेब असा की ८५ डेसिबलला आठ तास ठीक, त्यापुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, असं करत १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं उरतात. छोट्या खोलीत ड्रमसेट असला की तिथपर्यंत पोचायला फार काही करावं लागत नाही. ऐकणारे दोन तासांनी घरी जातात, बारवरचा मुलगा रोज तिथेच उभा असतो. त्याला इअरप्लग द्या. मोबाइलवर आवाज मोजायचं अॅप असतं, अगदी काटेकोर नाही पण अंदाज येतो, ते घेऊन एकदा बारमागे उभे राहा आणि एकदा शेजाऱ्याच्या दारात. शेजाऱ्याकडे जो धम धम ऐकू जातो तो बेसचा, भिंतीतून तोच सगळ्यात सहज जातो. पडदे आणि गालिचे लावून तो थांबत नाही, त्यांनी फक्त आतला घुमारा कमी होतो (तोही चर्चेसाठी करायलाच हवा, बोललेलं नीट ऐकू आलं तर ओरडावं लागत नाही). बाहेर जाणारा आवाज कमी करायचा तर दारं-खिडक्या नीट बंद होतात का बघा, स्पीकर भिंतीपासून सोडवून ठेवा, बेस कमी करा, आणि संपायची वेळ शेजाऱ्यांना आधी सांगून ती पाळा. राजकारणामुळे पब बंद पडेल अशी तुम्हाला भीती वाटतेय, मला मात्र तक्रार येईल तर ती आवाजाचीच येईल असं वाटतंय. म्हणून लाइव्ह म्युझिकसाठी तुमच्या परवान्यात वेगळी परवानगी लागते का, आणि पोरं दुसऱ्यांची गाणी वाजवतात त्याचं कॉपीराइटचं लायसन्स कोणी घ्यायचं, हे आत्ताच बघून घ्या. बहुतेक ठिकाणी ती जबाबदारी जागेच्या मालकावर येते, बँडवर नाही.

पोरांबद्दल मला जास्त वाईट वाटलं. त्यांना भांडण झाकायला वापरलं गेलं. तुम्ही सांगितलं नव्हतं हे मान्य, पण ते कोपऱ्यात बसलेले, चर्चेच्या वेळी वाजवतायत आणि कोणी ऐकत नाहीये, म्हणजे दीड वर्ष त्यांचा वापर तसाच होतोय. त्यांना स्वतःची वेळ द्या, जेव्हा खोली त्यांच्याकडे तोंड करून बसलेली असेल. मानधन आधी ठरवून कागदावर लिहा. 'तुम्हाला प्लॅटफॉर्म मिळतो ना' हे वाक्य तोंडातून काढू नका. आणि त्यांनी काय गावं यात पडू नका, फक्त एक गोष्ट सांगा, कोणत्याही पक्षाचं प्रचारगीत नाही. बाकी त्यांचं गाणं कोणाला टोचलं तर टोचू द्या, पुढच्या गुरुवारचा विषय तोच ठेवा.

राहिला मेव्हणा. मला तो भित्रा वाटत नाही. परवान्यावर त्याचंही नाव आहे आणि कदाचित कर्जावरही. 'तत्त्वाचा प्रश्न आहे' म्हणून त्याच्याशी वाद घालू नका, हिशेबाची वही उघडून बसा. दीड वर्षातले गुरुवार, त्यांची विक्री, फुटलेल्या वस्तू, बंद झालेली नेहमीची गिऱ्हाइकं, नवीन लागलेली. मग त्यालाच विचारा, काय झालं तर बंद करायचं? एक मारामारी? पोलिसांची एक नोटीस? तो जे म्हणेल ते लिहून ठेवा आणि तीन महिने नव्या पद्धतीने चालवून बघू असं ठरवा. घरातलं नातं आणि धंदा एकत्र असला की 'बघू' वर काही ठेवू नये, 'बघू' चं भांडण शेवटी बायकोपर्यंत जातं.

आणि घाबरलो असं दिसेल याची काळजी सोडा. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजाने २९ डिसेंबर १६७५ ला कॉफीहाउस बंद करायचा हुकूम काढला होता, लोक तिथे बसून सरकारविरुद्ध बोलतात म्हणून. एवढा आरडाओरडा झाला की अंमल सुरू व्हायच्या आधीच, ८ जानेवारीला, त्याने तो मागे घेतला. पुढेही नऊ वर्षं, मरेपर्यंत, तो राजाच होता. मी तर तुम्हाला फक्त तीन आठवडे चर्चा थांबवून नवीन पद्धत बसवायला सांगतेय. फळ्यावर लिहा, 'तीन गुरुवार चर्चा नाही, गाणी आहेत, अमुक तारखेपासून चर्चा पुन्हा सुरू'. तारीख मात्र नक्की लिहा. तारीख नसेल तर लोक हवं ते समजतील, तारीख असली की त्या दिवसाची वाट बघतील.

या तीन आठवड्यांत त्या दोघांना वेगवेगळं भेटा, पबमध्ये नको, त्यांच्या दारात जा. माफी मागायला लावू नका, एकाला विचारा पहिल्या गुरुवारी घड्याळ लावून दोन मिनिटं मोजायचं काम करशील का, आणि दुसऱ्याला दुसऱ्या गुरुवारी. एखादा नाही म्हणेल, म्हणू दे. पण त्यांच्याकडे जायच्या आधी त्या चार पोरांकडे जा, आणि त्यांचे मागचे काही पैसे राहिले असतील तर सोबत घेऊन जा.